सुई बाधली

आमच्या घरी पत्र्याचा एक डबा आहे. रेशन कार्ड, सातबारे, घरपट्टीच्या पावत्या, माझ्या नेमणुकीचा आदेश, सगळं त्यात. तळाशी माझं २०११ सालचं डिस्चार्ज कार्ड. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने, खाली दोन रेघा मारून लिहिलंय की या पेशंटला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांनी माझ्या काळजीपोटीच लिहिली, याबद्दल मला शंका नाही. पण तेरा वर्षं ती ओळ कोणी तपासून पाहिली नाही, मीसुद्धा नाही, आणि त्याची किंमत माझ्या उजव्या पायाने मोजली. ती खरी की खोटी हे कळायला मला दोनदा मुंबई गाठावी लागली. हे सगळं सविस्तर सांगते आहे, कारण ‘माका अमकी सुई चलना नाय’ असं सांगणारी माणसं आमच्याकडे घरटी एक तरी सापडतील, आणि याची रीतसर तपासणी होते हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नाही.

मी कुडाळ तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. कर्ली नदीच्या अंगाला आमची थोडी भातशेती. २०११ च्या जुलैत दोन दिवस रजा टाकून लावणीला मळ्यात उतरले होते. टाचेला कसलंसं लागलं, चिखलात कळलंही नाही. आठ-दहा दिवसांनी ताप आला, डोळे लाल झाले, आणि पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की चुलीपासून न्हाणीपर्यंत जाववेना. कोकणातला पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून हे जिवाणू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांमधून, जखमेतून आत शिरतात. मला दवाखान्यात भरती केलं आणि दुपारी दोन वाजता पेनिसिलीनचं पहिलं इंजेक्शन शिरेतून दिलं.

पाचच्या सुमाराला मला थंडी वाजायला लागली. साधी हुडहुडी नव्हे. खाट वाजत होती. दोन चादरी, वर घरची गोधडी, तरी दात थांबेनात. ताप १०४ वर गेला आणि रक्तदाब उतरला. सिस्टर धावत आल्या, सलाईन जोरात सोडलं. उशाशी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी एकच वाक्य धरलं, “सुई बाधली गो माझ्या सुनेक!” येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पेनिसिलीन बंद करून दुसरं औषध सुरू केलं आणि कार्डावर लाल शाईची ती ओळ आली. नवव्या दिवशी मी चालत घरी आले. वाचले याचा आनंद एवढा होता की त्या ओळीबद्दल विचार करायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

‘बाधणे’ हा आमच्याकडचा फार मोठ्या पोटाचा शब्द. उतारवयातल्या माणसाला रात्रीचं दही बाधतं, पावसात भिजणं बाधतं, कोणाची नजर बाधते. औषधाने मळमळलं तरी बाधलं, चक्कर आली तरी बाधलं, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या तरी बाधलं. आमच्या वाडीतल्या एका वहिनींना फिट्सच्या गोळ्यांनी तोंड आतून सोलवटलं होतं, अंगावर फोड येऊन कातडी सुटली होती, महिनाभर त्या दवाखान्यात होत्या. त्यांनाही गोळी ‘बाधली’ आणि मलाही सुई ‘बाधली’. एकाच शब्दाच्या पोटात किती वेगवेगळ्या गोष्टी दडून बसतात आणि त्यांचा निवाडा करणं किती गरजेचं असतं, हे मला फार उशिरा समजलं.

२०१६ मध्ये त्या ओळीला दुसरा साक्षीदार मिळाला. दाढ सुजली होती. दातांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती, आधीचा काही त्रास आहे का हे कोणी विचारलं नाही, मीही दुखण्यात सांगायला विसरले. त्यांनी कॅप्सूल दिल्या. मी घरी आले, दाढ वाचवत एका बाजूने जेवले आणि कॅप्सूल घेतली. तासाभरात चेहरा तापून लालभडक झाला, छाती धडधडायला लागली, मानेवर आणि दंडांवर गांधी उठल्या. पाकीट उलटून पाहिलं तर अ‍ॅमॉक्सिसिलीन, म्हणजे पेनिसिलीनच्याच घराण्यातलं. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. त्या दिवसापासून माझी स्वतःची खात्री पटली. शाळेच्या ओळखपत्राच्या मागे मी स्वतः पेनने लिहून ठेवलं: पेनिसिलीन देऊ नये.

मग २०१८ च्या पावसाळ्यात पायाला धावरे झाले. ज्यांना झालेत त्यांनाच कळेल. सकाळी थंडी वाजते, दुपारपर्यंत नडगी लाल होते, संध्याकाळी तो लाल पट्टा चढत गुडघ्याकडे निघतो, आणि कातडीवर हात ठेवला तर निखाऱ्यासारखी गरम. सहा वर्षांत हे पाच वेळा झालं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की त्यातून जंतू आत जायचे. दरवेळी नवं औषध, कारण नेहमीचं औषध मला ‘चालत नव्हतं’. एकदा क्लिंडामायसिनने इतके जुलाब झाले की धावऱ्यांऐवजी जुलाबांसाठी भरती व्हावं लागलं. प्रत्येक वेळी पाय थोडा थोडा सुजलेलाच राहायला लागला. अंगात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या दर झटक्याला खराब होत जातात आणि सूज राहिली की पुढचा झटका आणखी सोपा होतो, असं ते दुष्टचक्र. फळ्यासमोर उभं राहून शिकवणं अवघड झालं. खुर्ची घेतली. पहिलीच्या पोरांना बसून शिकवता येत नाही, हे कोणत्याही गुरुजींना विचारा.

मधल्या काळात एका ठिकाणी ‘टेस्ट’ही झाली होती. तेच इंजेक्शन, हातावर कातडीखाली जरासं टोचलं, काही मिनिटांनी लाली आली, आणि “बघा, रिअ‍ॅक्शन येते” म्हणून मोकळे झाले. औषध किती पातळ केलं होतं, कशाशी तुलना केली, काही नाही. मी त्यालाही पुरावा मानलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात ज्या फिजिशियनकडे गेले त्यांनी पाय पाहिला, डबाभर कागद पाहिले आणि विचारलं, “बाई, तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे, की अ‍ॅलर्जी आहे असं लिहिलंय?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. ते म्हणाले, धावरे बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे होतात. पेनिसिलीनचा शोध १९२८ चा, त्याचा वापर सुरू होऊन ऐंशी वर्षं उलटली, तरी धावऱ्यांचा हा नेहमीचा स्ट्रेप्टोकॉकस त्याला अजून पुरून उरलेला नाही. तुमच्या पायाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन मिळालं तर हे झटके थांबण्याची चांगली आशा आहे, पण या लाल शाईवर मी ते देणार नाही. ती आधी तपासून घ्या. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या अ‍ॅलर्जी विभागासाठी त्यांनी चिठ्ठी दिली आणि बजावलं, २०११ चे कागद जितके मिळतील तितके घेऊन जा, कारण अर्धी तपासणी कागदातच असते.

कागद मिळवणं हेच मोठं काम झालं. दवाखान्यातून कळलं की इतकी जुनी केस मिळणार नाही. तेव्हा आमच्या ह्यांना आठवलं की मी जिल्हा परिषदेकडे वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक पाठवलं होतं आणि त्याला केसपेपरची पानन् पान झेरॉक्स करून जोडावी लागली होती. त्या फायलीची एक प्रत माळ्यावर सापडली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण औषधांचा तक्ता शाबूत. कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, थंडी किती वाजता भरली, ताप किती, रक्तदाब किती, सगळं सिस्टरच्या अक्षरात होतं. त्या अनोळखी सिस्टरचे माझ्यावर उपकार आहेत. सरकारी फायलींना आपण नावं ठेवतो, पण या एका फायलीने माझी गोष्ट वाचवली.

सप्टेंबरात गणपती झाल्यावर संध्याकाळी कुडाळहून तुतारी एक्सप्रेस धरली, सकाळी दादरला उतरलो. लालबागला धाकट्या दिरांकडे अंघोळ, चहा आणि मग रुग्णालय. मला वाटलं होतं सुई टोचतील आणि सांगतील. प्रत्यक्षात डॉक्टर मॅडमनी पहिला तासभर नुसतं विचारलं. वयाने माझ्याहून लहान असतील, पण घाई अजिबात नव्हती. औषध दिल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला? अंगाला खाज होती का? गांधी? ओठ, पापण्या सुजल्या? आवाज बसला? श्वासाला शिटी वाजत होती? फोड आले, तोंड आतून सोलवटलं? त्यानंतर कधी पेनिसिलीनच्या नात्यातलं दुसरं काही घेतलंत? रक्तदाबाची कोणती गोळी घेता? (हे का, तर काही प्रकारच्या गोळ्या चालू असल्या तर जोराची अ‍ॅलर्जी उठल्यास द्यायचं अ‍ॅड्रिनॅलीन नीट काम करत नाही. माझी गोळी त्यातली नव्हती.)

‘बाधली’ म्हणजे नेमकं काय काय, हे मला पहिल्यांदाच शब्दाशब्दाने सांगावं लागलं. आणि सांगता सांगता माझं मलाच दिसायला लागलं की २०११ च्या त्या संध्याकाळी मला खाज नव्हती. गांधी नव्हत्या. सूज नव्हती. दम लागला नव्हता. थंडी, ताप, रक्तदाब, एवढंच.

मॅडमनी वाळवी लागलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं. दोन वाजता इंजेक्शन, पाच वाजता हुडहुडी. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्हाला लेप्टो होता ना? लेप्टोचे जंतू पिळदार असतात. पहिल्या डोसने ते झपाट्याने मरतात, त्यांचे तुकडे रक्तात सुटतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. काही तासांत थंडी, ताप, कधी रक्तदाबही उतरतो. याला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. औषध तुमच्यावर उलटलं असं हे नाही, औषध जंतूंवर चाललं असं हे आहे.” त्वचारोगाच्या दोन डॉक्टरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सिफिलिसच्या रोग्यांमध्ये हे पाहिलं, त्यांच्यावरून ते नाव. सिफिलिसचा जंतूही असाच पिळदार. अर्थात लेप्टोनेसुद्धा रक्तदाब उतरू शकतो, तेव्हा त्या संध्याकाळी दोन्हींचा वाटा किती हे आज कोणी सांगू शकणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. पण अ‍ॅलर्जीचं चित्र हे नव्हे.

मी तिथेच रडले. आनंदाने की रागाने, मला आजही नीट सांगता येत नाही. पायाकडे बघत होते.

पण २०१६ ची गोष्ट तशी नव्हती. तासाभरात गांधी, चेहरा लाल. हे अ‍ॅलर्जीसारखंच दिसतं, आणि मॅडमनी ते गंभीरपणे घेतलं. मग एक प्रश्न विचारला जो माझ्या स्वप्नातही नव्हता. “त्या दिवशी जेवायला काय होतं?” आमचे हे बाजूलाच बसले होते, ते चटकन म्हणाले, “बांगड्याचं तिखलं.” घरात आणखी कोणाला काही झालं होतं का? हे जरा थांबून म्हणाले की त्या दुपारी त्यांचंही डोकं गच्च धरलं होतं, मान लाल झाली होती, उन्हात फिरल्यामुळे असेल म्हणून ते झोपून राहिले. आठ वर्षांत आम्ही नवरा-बायकोने या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्याच नव्हत्या.

बांगडा, तारली, कुपा असे मासे पकडल्यावर बर्फात नीट राहिले नाहीत तर त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामीन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, गांधी, धडधड, डोकेदुखी. थेट अ‍ॅलर्जीची नक्कल, कारण खऱ्या अ‍ॅलर्जीतही शरीर तेच हिस्टामीन सोडतं. अख्खा जन्म बांगडा खाण्यात गेला, पण हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी बांगडा टेंपोवाल्याकडून घेतला होता हे ह्यांना आठवलं, पण तो शिळा होता की नव्हता हे आता कुठून कळणार? मॅडम म्हणाल्या, “कॅप्सूल असेल, बांगडा असेल. तेव्हाच तासा-दोन तासांत रक्त घेतलं असतं तर काही धागा मिळाला असता. आता अंदाज नको, टेस्ट करू.” त्यांनी हेही सांगितलं की पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहा जणांची नीट तपासणी केली तर नऊ जणांना ते औषध बिनत्रास चालतं. आणि ज्यांना कधी काळी खरंच अ‍ॅलर्जी होती, त्यांच्यातल्याही शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांची ती दहा वर्षांत निघून जाते.

त्या दिवशी मात्र टेस्ट झालीच नाही, म्हणजे झाली पण फुकट गेली. हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एक थेंब, थेंबातून बारीक टोकाने टोचलं. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये. एक हिस्टामीनचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. वीस मिनिटांनी पाहिलं तर हिस्टामीनची जागाही सपाट. मॅडमनी विचारलं, सर्दीची गोळी घेतलीत का? गाडीत खिडकीशी बसून नाक गळायला लागलं म्हणून आदल्या रात्री मी घेतली होती. टेस्टच्या आधी सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत हे मला सांगितलं होतं, मी सेटिरिझिन घेतलीही नव्हती. पण सर्दीच्या साध्या गोळीतही बहुतेक वेळा तसलंच औषध मिसळलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. “आता हातावर काही उठलं नाही तर ते तुमच्या अंगाचं उत्तर नव्हे, गोळीचं उत्तर,” त्या म्हणाल्या, आणि पुढची तारीख दिली. जवळपास पाचशे किलोमीटरवरून येऊन परत जायचं होतं. वाईट वाटलं, पण त्यांनी तिथेच तडजोड करून ‘निगेटिव्ह’ लिहून दिलं नाही याबद्दल मला आदरच वाटला. माझी आधीची ‘टेस्ट’ कशी बेभरवशाची होती, तेही त्या सपाट हाताकडे बघून कळलं. तुलनेला काही नसेल तर लाली म्हणजे काय आणि लाली नाही म्हणजे काय, कोण सांगणार?

दिवाळीनंतर परत गेले. यावेळी पंधरा दिवस कसलीच गोळी नाही, रक्तदाबाची सोडून. नाक गळलं तरी वाफ.

सकाळी शिरेत सुई लावून ठेवली. बाजूच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनॅलीन भरून तयार, ते मांडीत द्यायचं असतं हे सिस्टरनी मला आधीच दाखवलं. ऑक्सिजन, रक्तदाबाचं यंत्र. ते सगळं बघून घाबरायला होईल असं वाटलं होतं, उलट धीर आला. २०११ च्या रात्री कोणी काही तयार ठेवलं नव्हतं, इथे दहा मिनिटांत काय करायचं ते ठरलेलं होतं. म्हणूनच सांगते, हा प्रयोग घरी, ‘बघू या अर्धी गोळी घेऊन’ म्हणून कोणी करू नये.

पहिल्यांदा वरवरचं टोचणं. वीस मिनिटांनी हिस्टामीनच्या जागी टपोरी गांध, खाज सुटलेली. आठ वर्षांपूर्वी मानेवर उठल्या होत्या, हुबेहूब तशी. मॅडमनी प्लास्टिकच्या पट्टीने मिलिमीटर मोजले. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगलं तर होकार. पेनिसिलीनच्या जागा सपाट. मग कातडीच्या आत, अगदी थेंबभर औषध, मोहरीपेक्षा जराशी मोठी फुगवटी येईल इतकंच. हे जास्त चुरचुरतं. परत वीस मिनिटं, परत पट्टी. सपाट.

“आता खायचं,” मॅडम म्हणाल्या. कातडीवरची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे संपलं असं मला वाटत होतं, पण खरा निकाल औषध पोटात गेल्यावरच लागतो. त्यांनी आधी सांगून ठेवलं की यात एक डोस रिकामाही असेल, कोणता ते सांगणार नाही, आणि मी त्याला होकार दिला होता. पहिल्या कपातलं प्यायले. दहाव्या मिनिटाला घसा आवळल्यासारखा झाला. तळव्यांना घाम. मला खाटेचा आवाज ऐकू यायला लागला, २०११ चा. हे दारातून बघत होते, त्यांचा चेहरा उतरला. मॅडम लगेच आल्या. घसा पाहिला, छाती ऐकली, अंग पाहिलं, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, रक्तदाब नेहमीचा. माझा हात धरून बसल्या. पंधरा मिनिटांत ते आपोआप सुटलं. नंतर कळलं की तो डोस रिकामा होता. त्या म्हणाल्या, “घसा आवळला हे खरंच होतं, ताई. शरीराला ती रात्र आठवते. पण हे औषधाने केलेलं नाही, आणि आता हे आपल्या दोघींना माहीत आहे.” कोणी हसलं नाही. ते मी विसरणार नाही.

मग अ‍ॅमॉक्सिसिलीनचे ५० मिलिग्रॅम. अर्धा तास. काही नाही. मग पुरे ५०० मिलिग्रॅम. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, हात-पाठ-मान बघणं. मी सोबत वह्या तपासायला नेल्या होत्या, तिसरीच्या गुणाकाराच्या. सोळा वह्या झाल्या. दोन तासांनी मला शिऱ्याची बशी दिली.

काही प्रतिक्रिया उशिरा, दोन-चार दिवसांनी पुरळ येऊन दिसतात. म्हणून आम्ही आठवडाभर दिरांकडेच थांबलो, जाऊबाई रोज माझी पाठ तपासायच्या आणि फोटो मॅडमना पाठवायच्या. पाठ स्वच्छ.

जे पत्र मिळालं त्यात तीन गोष्टी स्वतंत्र लिहिल्या होत्या. २०११ चा त्रास अ‍ॅलर्जीचा नव्हता, पुन्हा कधी लेप्टो झाला तर पहिल्या डोसनंतर तशी थंडी पुन्हा भरू शकते आणि तेव्हा औषध न थांबवता लक्ष ठेवावं. २०१६ च्या त्रासाचं कारण बहुधा मासा, पण सिद्ध करता येत नाही. बेंझिलपेनिसिलीन आणि अ‍ॅमॉक्सिसिलीन अमुक तारखेला तपासली, सोसली, द्यायला हरकत नाही. मी वाडीतल्या त्या वहिनींबद्दल विचारलं, त्यांचीही अशी टेस्ट करता येईल का? मॅडम एकदम ठाम झाल्या. ज्यांची कातडी सुटली, तोंड सोलवटलं, त्यांना ते औषध पुन्हा चाखवायचं नाही, कधीच नाही. त्यांची लाल शाई खरी आहे, ती जपा. गावी आल्यावर मी आधी त्यांच्याकडे गेले आणि त्या गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या पाकिटात ठेवलं. नाव त्यांना पाठ नव्हतं.

ओळ लिहायला एक मिनिट लागलं असेल, पुसायला महिने लागले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत, फिजिशियनकडे, औषधाच्या दुकानात, माझ्याच ओळखपत्राच्या मागे. सासूबाईंच्या डोक्यातली सगळ्यात पक्की. “ती सुई तुका बाधता, म्हायती आसान परत कित्याक घेतंस?” त्यांच्याजवळ बसून मी पाचच्या हुडहुडीपासून बांगड्यापर्यंत सगळं मालवणीत सांगितलं. मरणारे जंतू तडफडले, ती थंडी, हे त्यांना पटलं. बांगड्याचं अजून पटलेलं नाही.

जानेवारीत पहिलं इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलीन, बारा लाख युनिट. दुधासारखं दाट असतं, जाड सुईने कमरेत खोल द्यावं लागतं आणि दुखतं. तिथल्या सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं, डॉक्टरांना विचारून आल्या, मग दिलं. अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर लेप्टोचा फलक होता, त्यावर चिखलातले पाय. घशाकडे लक्ष जात होतं, पण तो मोकळा होता. सिस्टरनी कार्डावर एकवीस दिवसांनंतरची तारीख घातली.

हे लिहिते आहे तोवर नऊ इंजेक्शनं झाली. एक पावसाळा अर्ध्याहून जास्त सरला, पाय लाल झालेला नाही. सूज आहे, ती पूर्ण जाईल असं कोणी म्हणालेलं नाही. क्रेप पट्टी बांधते, बेचके कोरडे ठेवते, आणि लावणीला उतरायचं झालं तर गमबूट.

एका खाजगी दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र ती जुनी ओळ अजून आहे. तिथल्या मुलीने सांगितलं, नवीन अ‍ॅलर्जी घालता येते, जुनी काढायचा अधिकार फक्त मोठ्या डॉक्टरांना. ते शनिवारी येतात. पत्राच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, या शनिवारी शाळा सुटली की परत जाणार आहे.